पावणेसातची जाहिरात

"माझ्या लेकीनं जीव दिला न्हाई," चंद्रभागाबाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या. "तिला कुणीतरी हिरीत ढकललं. कोण, तेवढं सांगा."

वसमतच्या बसस्थानकासमोर बियाण्यांच्या दुकानावर नाहिद इनामदारचं ऑफिस होतं. विमा कंपनीत अठरा वर्षं खोटे दावे पकडल्यावर तिने स्वतःचा खासगी तपासाचा धंदा थाटला होता. दारापाशी स्टुलावर देविदासराव बसत. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणूस सरळ, स्कूटर जपून चालवणारा, पण गोष्ट डोक्यात शिरायला त्यांना दोन थांबे जास्त लागत.

बाई साठीच्या होत्या, सिद्धेश्वर धरणाकडच्या एका गावात शेळ्या राखणाऱ्या. तरी त्यांची मुलगी कोण हे सांगावं लागलं नाही. गेला आठवडाभर निम्म्या महाराष्ट्राने कुरुंद्याच्या सुकन्याचं नाव घेतलं होतं.

'खरं की नाटक' नावाचा तो कार्यक्रम. दुखावलेली माणसं पडद्यावर आणायची, त्यांना रडवायचं आणि घरोघरी बसलेल्या लोकांनी हातातल्या फोनवर बोट ठेवून ठरवायचं, हे रडणं खरं की नाटक. 'खरं' जिंकलं तर एक हळद-मसाला कंपनी उपचाराचा खर्च देणार. 'नाटक' जिंकलं तर हसू. ज्या कुणा हुशार माणसाला हे सुचलं, त्याला एकदा त्या खुर्चीत बसवायला हवं होतं.

सुकन्याने सांगितलं होतं, की हळद शिजवायच्या कुकरवर तोल जाऊन तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बोटं मिटत नाहीत, शस्त्रक्रिया हवी. हे आधी चित्रित झालं होतं. रविवारी संध्याकाळी साडेसहाला ते दाखवलं गेलं, आणि सात वीसला ती हळदीच्या खळ्यावरून थेट बोलणार होती. पण सात वीसला खळ्यावर कुणीच नव्हतं. पाऊण तासाने ती खळ्याजवळच्या विहिरीत सापडली. तोवर एक्याऐंशी टक्के लोकांनी 'नाटक' ठरवलं होतं. ते आकडे बघून तिने उडी घेतली, असं सगळे धरून चालले होते.

"टक्क्यांना भिऊन मरणारी न्हवती ती," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आन् तिची पोरगी हाय, श्रावणी. सात वर्साची. ती त्याच घरात हाय, बापापाशी. तिथं तिला ठिवायचं का न्हाई, ते मला कळाया पायजे. जन्मभर इचार करत बसू का?"

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"रविवारी दुपारी. लई दिवसांनी पोरगी मोकळी बोलली. म्हणाली, आई, आज टीव्ही सोडू नको."

"आणखी कुणाशी बोललात त्या दिवशी?"

"जावयाला फोन केल्ता." बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "ख्यालीखुशाली, आनखी काय."

नाहिदने ते लिहून घेतलं. बाई जिना उतरून गेल्यावर देविदासराव घसा साफ करत म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं व्हतं. मीबी दाबलं व्हतं त्या दिवशी."

"काय?"

"नाटक."

"का हो?"

"भाजलेला माणूस भाजल्याचं सांगतो तवा हाताकडं बघतो. ती एकदाबी बघत न्हवती. पाठ केलेलं बोलावं तसं बोलत व्हती." त्यांचा चेहरा उतरला होता. "आता वाटून राहिलं, मीच मारलं तिला."

"ते आपण ठरवू," नाहिद कोरडेपणाने म्हणाली. "स्कूटर काढा."

*

सुकन्याचा नवरा दत्तप्रसाद कुरुंद्यात मोबाईलचं दुकान चालवत होता. बायको जाऊन आठ दिवस झाले होते आणि दुकान उघडं होतं. दाढी वाढलेली, डोळे लाल. दुःख नीट दिसेल अशा बेताने तो बसला होता.

"मी घरीच व्हतो मॅडम, टीव्हीपुढं. पोलिसांनाबी हेच दाखवलं." त्याने फोन पुढे केला. "हे कार्यक्रमाचं ॲप. फोन टीव्हीपुढं धरला की ते आवाज ऐकतं. जाहिरात लागली की पडदा चमकतो, टच केला की गुण मिळतात. आवाज ऐकू आला न्हाई तर काय बी केलं तरी उघडत न्हाई. बघा, साडेसहा ते साडेसात, अकरा टच. एकबी चुकला न्हाई."

"बायको पडद्यावर रडत असताना तुम्ही गुण मिळवत होता?"

"सवय हाय मॅडम. तीन महिन्यांत गावात पहिला नंबर सोडला न्हाई." क्षणभर त्याच्या आवाजात खरा अभिमान आला. "फोन काय खोटं बोलत न्हाई."

"टीव्हीला डिश आहे की केबल?"

"शकीलभाईचं केबल. समद्या गावात तेच हाय."

"कार्यक्रम मोबाईलवरही दिसतो म्हणे."

"माझं नेट ॲपपुरतंच. मोबाईलवर मी कवाच बघत न्हाई."

*

दत्तप्रसादची बहीण शितल घरी ज्वारी पाखडत होती. लग्न मोडून दोन वर्षांपूर्वी भावाकडे आलेली. सुपावरची नजर ती वर करत नव्हती.

"दादा भायेरच्या खोलीत व्हता. मी चुलीपाशी. श्रावणी शेजारी खेळायला गेल्ती. वहिनी साडेसहालाच खळ्यावर गेली, मागंच हाय, पाच मिन्टावर."

"दादा दिसत होता?"

"मधी भिंत हाय. टीव्ही ऐकू येऊन राहिला व्हता. अजानला गप झाला, मंग पुन्हा सुरू झाला."

"दादाने बंद केला?"

"न्हाई, तो आपला आपण होतो," शितल म्हणाली. भिंतीपलीकडेच मशीद होती.

"टीव्ही जुना असंल," देविदासराव म्हणाले. नाहिदने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"हळद शिजवली त्या दिवशी, वहिनी पडली तेव्हा, तू कुठे होतीस?"

"खळ्यावरच. समद्या टोपल्या मीच उचलल्या. कुकर भाड्याचा, गावात पाळीपाळीनं फिरतो. आमची पाळी आली तवा वहिनीचा हात बांधलेलाच व्हता, मंग कोण उचलनार..."

तिचे हात सुपावर थांबले. पुढचं वाक्य आलंच नाही. दोन क्षणांनी ती पुन्हा पाखडू लागली, आणि त्यानंतर नाहिदने काहीही विचारलं तरी तिचं उत्तर एकच होतं, मला ठाव न्हाई.

*

हळद-मसाला कंपनीचा माणूस मुबश्शीर खळ्यावरच भेटला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, दोन हातांत दोन फोन. वाळत घातलेल्या हळदीचे फोटो काढत होता. सुकन्याला कार्यक्रमात यानेच नेलं होतं.

"मी सात दहाला आलो, लाईट घेऊन. कोणी नव्हतं. तिचा फोन विहिरीच्या कठड्यावर, त्यात आमचाच कार्यक्रम चालू. मला वाटलं घाबरून पळाली. फोन मी बंद केला, नंतर पोलिसांना दिला."

"ती मोबाईलवर कार्यक्रम का बघत होती?"

"आम्हीच सांगितलं होतं. खळ्यावर टीव्ही कुठला? आपली वेळ कधी येते ते तिला कळायला हवं. नेटचे पैसे कंपनीने भरले होते. मोबाईलवर अर्धं मिनिट उशिरा दिसतं, पण चालतं." त्याने सुस्कारा सोडला. "खरं सांगू? आमचं नुकसान वेगळंच झालं. पावणेसातला खास जाहिरात होती. तिचाच चेहरा, तिच्याच हातावर हळद. राज्यात जाहिरातीला एवढे टच कधी पडले नव्हते. आणि तिचंच गाव झोपलेलं! दोनशे बारा फोन चालू आहेत कुरुंद्यात, आणि टच किती? एक."

"कुणाचा?"

"दत्तप्रसादचा. तोसुद्धा अर्धं मिनिट उशिरा. पण निदान एक तरी इमानदार निघाला."

"वसमतला?"

"वसमत, हिंगोली, सगळीकडे जोरात. फक्त इथेच आकडा घसरला. तीन-चार मिनिटं अगदी सपाट, मग पुन्हा सुरू." त्याने आवाज खाली आणला. "बोलू नये, पण ती गेल्यावर आम्ही भाग पुन्हा दाखवला, तेव्हा दुप्पट टच आले. लोकांना ती आता आवडायला लागली आहे."

देविदासराव हळदीच्या ढिगाकडे पाहत राहिले. त्यांना या पोराच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण एक बोट त्यांचंही होतं.

*

शेवटी केबलवाला शकील. मशिदीच्या बोळात त्याची एक खोली, त्यात केबलचे चार डबे, आवाजाचा एक मिक्सर आणि पन्नाशीचा हा शांत माणूस.

"आपल्या गावची लेक दिसणार म्हणून मी तो कार्यक्रम गावच्या च्यानलवर लावला. ते मोठं च्यानल पैशाचं, एकाबी घरात न्हाई. माझ्याकडचं समद्यांना फुकट. त्या दिवशी समदं गाव माझ्याच लायनीवर व्हतं."

"आवाजाची तकलीफ?"

"न्हाई, बराबर व्हता. अजानला तेवढं बटण खाली, तीन-चार मिन्टं. मारुतीच्या आरतीलाबी तसंच. अब्बांच्या टायमापासून हाय हे. लोकांना इतकी सवय, कुणाच्या ध्यानातबी येत न्हाई."

"रविवारी संध्याकाळची, मगरिबची अजान किती वाजता झाली?"

"सहा चव्वेचाळीस," शकील म्हणाला.

नाहिदने वही मिटली. स्कूटरवर बसताना देविदासराव म्हणाले, "मॅडम, मला काय बी समजलं न्हाई."

"दत्तप्रसादलाही समजलेलं नाही," ती म्हणाली. "फौजदारांना फोन लावा. त्याच्या फोनचे कॉल आणि सुकन्याचा फोन घेऊन यायला सांगा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला दत्तप्रसादच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. दत्तप्रसाद, शितल, मुबश्शीर, शकील, दारात एक हवालदार आणि खुर्चीत फौजदार. चंद्रभागाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर श्रावणी. नाहिदने पोरीला देविदासरावांबरोबर ओसरीवर पाठवलं.

"हे सगळं लाईव्ह करता आलं तर?" मुबश्शीरने हळूच विचारलं. "लोकच ठरवतील कोण ते."

"दोन्ही फोन टेबलावर ठेवा," फौजदार म्हणाले. त्याने ठेवले.

नाहिद उभीच राहिली.

"सगळ्यांनी आधी कारण ठरवलं आणि मग मरण त्याला चिकटवलं. आकडे बघून तिने जीव दिला म्हणे. पण ती कहाणी तिची नव्हतीच. कुकर या घरच्या खळ्यावर आला तेव्हा तिचा हात बांधलेला होता. म्हणजे कुकरवर ती भाजली नाही. आदल्या कुठल्यातरी दिवशी, या घरात भाजली."

शितलने तोंडात पदर धरला.

"एक्याऐंशी टक्के लोकांनी नाटक म्हटलं. ते बरोबर होते. तिला पाठ करून दिलेलं खोटं ती बोलत होती. स्वतःचं पाप झाकायचं असल्याशिवाय कुणी खोटं पाठ करून देतं? आणि सात वीसला तिला पहिल्यांदा, कुणी न थांबवता, सगळ्यांसमोर बोलायला मिळणार होतं."

"मी घरी व्हतो," दत्तप्रसाद म्हणाला. "फोनात हाय."

"तुमच्या फोनातच आहे. तुम्ही हिशेब छान केला होता. फोन बरोबर न्यायचा, खळ्यावर तिच्या फोनमधून कार्यक्रमाचा आवाज येतच होता, तुमचं ॲप तो ऐकणार, तुम्ही बोट ठेवणार. जगाला वाटणार टीव्हीपुढे बसला होता. तिच्याशी बोलत असतानासुद्धा तुम्ही टच चुकवला नाही."

"मंग चूक काय झाली?" शकीलने विचारलं.

"चूक तुमच्या अब्बांनी केली, शकीलभाई, तीस वर्षांपूर्वी." नाहिद पहिल्यांदाच किंचित हसली. "सहा चव्वेचाळीसला अजान झाली. तुम्ही आवाज खाली केला. गावातले सगळे टीव्ही मुके झाले. शितलने भिंतीआडून तेच ऐकलं. टीव्ही मुका म्हणजे ॲप बहिरं. म्हणून पावणेसातच्या जाहिरातीला दोनशे अकरा फोन उघडलेच नाहीत. गाव झोपलं नव्हतं, मुबश्शीर. गावाला ऐकूच गेलं नाही. ज्या घराची भिंत मशिदीला लागून आहे, त्या घरातल्या माणसाला हे आठवू नये? पण रोजचं कुणाला ऐकू येतं?"

नाहिद मुबश्शीरकडे वळली.

"त्या मिनिटाला एकाच फोनने तो कार्यक्रम ऐकला. दत्तप्रसादच्या. टीव्हीतून ऐकणं शक्य नव्हतं. मोबाईलवर तो बघत नाही, त्यानेच सांगितलं. आणि टच अर्धं मिनिट उशिरा, म्हणजे आवाज कुणाच्या तरी मोबाईलमधून आला. मुबश्शीर, त्या वेळी कुरुंद्यात किती जण मोबाईलवर बघत होते?"

मुबश्शीरने रात्रीच यादी मागवली होती. त्याचा शर्ट घामाने चिकटला होता. "एकच," तो म्हणाला. "सुकन्या."

"तिच्यापासून हाताच्या अंतरावर असल्याशिवाय तुमच्या फोनला तो आवाज आला नसता," नाहिद दत्तप्रसादला म्हणाली. "पावणेसातला तिचाच चेहरा तिच्याच हातातल्या फोनवर होता, आणि तुम्ही त्यावर बोट ठेवून गुण घेतले. काय दाबलंत, खरं की नाटक?"

दत्तप्रसादने मान वर केली, तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तिला हात जोडले मी. म्हनलं, इस्त्री चुकून लागली म्हन. ती म्हनली, तू दाबून धरली व्हती, मी मोजत व्हते, धापर्यंत." तो खांदे उडवून थांबला. "कॅमेऱ्यापुढं बोलली असती तर मी गावात तोंड कुटं दाखवनार व्हतो?"

फौजदार उठले. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. "मॅडम, हा कोर्टात हे फिरवेल. वकील म्हणेल, तो बायकोला धीर द्यायला गेला होता, नंतर पाय घसरला. ती काय बोलणार आहे हे याला आधीपासून माहीत होतं, हे सिद्ध व्हायला हवं. नाहीतर जामिनावर सुटून येईल, आणि पोरगी पुन्हा याच घरात."

नाहिदला उत्तर कालपासून, त्याच्या कॉलची यादी पाहिल्यापासून ठाऊक होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ते सांगावंसं वाटत नव्हतं.

दत्तप्रसादने सांगितलं. जाता जाता, सासूकडे बघत, अगदी मजेत.

"इचारा की मामींना. तुमीच न्हवं का फोन केला, मामी?"

चंद्रभागाबाईंचा चेहरा राखेसारखा झाला.

"अकरा मिनिटं," नाहिद हळूच म्हणाली. "रविवारी दुपारी तीनला. ख्यालीखुशाली अकरा मिनिटं चालत नाही, बाई."

हवालदार दत्तप्रसादला घेऊन गेला. बाकीचेही एकेक करून निघाले. चंद्रभागाबाई बोलायला लागल्या तेव्हा खोलीत तिघंच उरली होती.

"तीनदा आल्ती पोरगी माहेरी. तीनदा मी परत धाडली. हात भाजल्यावरबी. रविवारी म्हणाली, आई, आज मी समदं सांगणार. मला वाटलं, चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढली तर तिला कोण ठिवून घेईल? जावयाला म्हनलं, बापू, ती असं बोलणार हाय, तुमी तिला गोडीनं समजवा." त्यांनी नाहिदकडे पाहिलं. "मला कळाया पायजे म्हणून मीच आले तुमच्याकडं. मला ठावच व्हतं का वो, ताई? मनात कुटंतरी?"

"होतं," नाहिद म्हणाली. खोटं बोलून या बाईला एक रात्र झोप मिळाली असती, पण नाहिदला ते कधी जमलं नव्हतं.

फौजदारांनी कागद काढला. "बाई, हे लिहून द्यावं लागेल. फोन केला, काय सांगितलं, सगळं. त्यावर केस उभी राहील, पोरगी तुमच्याकडे येईल. नाही दिलं तर माझा इलाज नाही. पण हा जबाब कोर्टात वाचला जाईल. नक्कल तुम्हालाही मिळेल. पुढे कधीतरी पोरीच्याही हाती पडेल, एवढं ध्यानात घ्या."

चंद्रभागाबाईंनी विचार करायला वेळ घेतला नाही. "लिवा," त्या म्हणाल्या.

लिहून होईपर्यंत बारा वाजले. फौजदारांनी वाचून दाखवलं, बाईंनी शाईत अंगठा बुडवून उमटवला. नाहिद खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिला त्या बाईचा राग येत होता आणि कीवही, आणि कुठलं आधी येतंय ते कळत नव्हतं.

दुपारी वसमतच्या एसटीत चंद्रभागाबाई खिडकीशी बसल्या. मांडीवर श्रावणी आणि तिच्या कपड्यांची पिशवी. देविदासरावांनी जुन्या सवयीने दोघींची तिकिटं काढून दिली आणि ते मागच्या सीटवर नाहिदशेजारी जाऊन बसले.

श्रावणी दुसरीत होती. नवं नवं वाचायला शिकलेली, दिसेल ते मोठ्याने वाचायची. दुकानांच्या पाट्या संपल्या तशी तिने आजीच्या पिशवीतून डोकावणारी नक्कल ओढली.

"मी... चंद्र... भागाबाई..." तिने बोट ठेवत अक्षरं जुळवली. "आजी, हे तुझं नाव हाय. तू लिवलं?"

"व्हय."

"काय लिवलं?"

देविदासराव उठायला लागले, कागद काढून घ्यावा म्हणून. पुढच्या सीटवरून चंद्रभागाबाईंनी मागे न बघता हात करून त्यांना थांबवलं.

"तुझ्या आईला कुणीच बोलू दिलं न्हाई, बाळा," त्या म्हणाल्या. "तू वाच. न अडता वाच."

श्रावणीने बोट पुढच्या ओळीवर नेलं आणि वाचायला सुरुवात केली.